विटकरी राख

१

मुशीतली राख पांढरी असायला हवी होती. ती विटकरी निघाली.

राखताईने चिमट्याने मूस, नमुना जाळायची ती चिनी मातीची वाटी, उचलून खिडकीच्या उजेडात धरली. अळंबी जाळली की मागे उरते ती भुरकट पांढरी, फुंकर मारली तर उडून जाईल अशी राख. आजवर कितीतरी प्रकारची अळंबी तिच्या भट्टीतून गेली होती. लोक खायची वस्तू घेऊन येतात आणि बाई तिची राख करून ठेवतात, अशी थट्टा मशीनवाल्या काकांनी एकदा केली, आणि तेव्हापासून अन्नतपासणीच्या त्या प्रयोगशाळेत तिचं हे नाव पडलं ते पडलंच. पण फुटक्या कौलाच्या चुऱ्यासारखी राख अळंबीतून निघालेली तिने कधी पाहिली नव्हती.

त्यातून या अळंबीच्या अहवालावर तिचीच सही होती.

सकाळी डॉक्टरीण आली नसती तर तिने ही बरणी उघडलीही नसती. डॉक्टरीण तिची कॉलेजातली मैत्रीण, आता प्रसूतिगृहात गरोदर बायकांना तपासायची. आल्या आल्या तिने धिंगरी अळंबीच्या पुडीचं एक पाकीट टेबलावर ठेवलं आणि त्यावरच्या लोहाच्या आकड्यावर बोट टेकवलं.

"राखे, हा आकडा तुझा ना?"

आकडा तिचाच होता. पाकीटही घरचंच होतं. राखताईच्या धाकट्या बहिणीची, छोटीची, आणि तिच्या नवऱ्याची अळंबीची शेड होती. प्रयोगशाळेत नमुने नुसता नंबर घालून येतात, त्यामुळे सही करताना हा कुणाचा नमुना ते तिला ठाऊक नव्हतं. पुढे पाकिटं बाजारात आली, तेव्हा छोटीने गळ्यात पडून सांगितलं, की तुझ्याच सहीचा आकडा छापलाय आम्ही. अळंबीत पोटॅशियम भरपूर, तांबं आणि सेलेनियम चांगलं, पण लोहाच्या नावाने तिच्याकडे जाऊ नये, असं ताईने पूर्वी त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर बसून सुनावलं होतं. तेव्हा आपले शब्द गिळताना तिला वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं.

डॉक्टरीण सांगत होती ते मात्र बरं वाटण्यासारखं नव्हतं. लोहाच्या गोळ्या कुणालाच आवडत नाहीत. त्यांनी मळमळतं, पोट जड होतं, शौचाला काळं होतं, अशी प्रत्येकीची तक्रार. त्यात हे पाकीट निघालं, वर सरकारमान्य प्रयोगशाळेचा आकडा. बायकांनी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि पूड खायला सुरुवात केली. आणि आता एकेकीचं रक्त उतरत चाललं होतं.

"तुझ्या बहिणीच्या रक्ताची तर मला संगतीच लागत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "ती पूडही खाते आणि गोळ्याही चुकवत नाही. तरी सगळ्यांत कमी तिचंच. हे असंच राहिलं तर बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी मला तिला सावरणं कठीण जाईल."

ती गेल्यावर राखताईने राखीव नमुन्यांचं कपाट उघडलं. तपासणीपुरता माल काढून घेतला की प्रत्येक नमुन्याची मूळ बरणी नोंदखिडकीवरच सीलबंद होऊन तिथे जाते, म्हणजे उद्या वाद निघाला तर पुन्हा तपासता येतं. सील शाबूत होतं. ते तोडून तिने झाकण फिरवलं. आत तोंडावर बटर पेपरची गोल चकती होती, ओढायला सोपी जावी म्हणून कडेला बोटभर शेपटी ठेवून कापलेली. सवयीने तिने शेपटी धरून चकती उचलली आणि पूड मुशीत घेतली. मागच्या वेळी घाईत नमुने बंद भांड्यात आम्लात विरघळवले होते, राख नजरेला पडलीच नव्हती. या वेळी तिने जुन्या पद्धतीने भट्टी पेटवली.

आणि आता हातात ही विटकरी राख. लोह होतं, खच्चून होतं. आकडा खोटा नव्हता. मग रक्त का खोटं बोलत होतं?

२

पहिली शंका आपल्याच प्रयोगशाळेवर घ्यावी, म्हणून ती मशीनवाल्या काकांकडे गेली. धातू मोजायचं यंत्र काकांच्या ताब्यात, आणि त्यावर ते पोटच्या लेकरासारखी माया करत. यंत्र चुकलं असेल का, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल का, असं तिने विचारताच त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांना राग आला की ते हेच करत.

"माझ्या मशीनवर आळ घ्या, बाई. निवृत्तीला आलेल्या माणसावर घ्यायला तोच सोपा असतो," ते म्हणाले. "पण तुमच्या हातातल्या राखेला कुठलं मशीन लागलं?"

त्यांचं बरोबर होतं. राख डोळ्यांनी दिसत होती, आणि ती सीलबंद बरणीतल्या पुडीची होती. लोह प्रयोगशाळेत शिरलं नव्हतं. ते बरणीतूनच आलं होतं.

दुपारी ती शेडवर गेली. आत शिरताच ओल्या गवताचा वास आणि चष्म्यावर वाफ. दोरीला टांगलेल्या पिशव्यांच्या छिद्रांतून राखाडी धिंगरीचे पंखे घोसाघोसाने बाहेर आले होते. छोटीचा नवरा अंगणात पिशव्यांत भरायचं गवत उकळत होता. ज्या पिंपात उकळत होता ते पिंप गंजून लाल झालेलं. त्याच्या पायाखालची मातीही लाल. राखताईने दोन्ही गोष्टी पाहून ठेवल्या.

अळंबी उकळायची तर नाही ना, असं तिने सहज विचारलं. छे, तो म्हणाला, गवत फक्त. अळंबी धुतसुद्धा नाही, चव जाते. वाळवायची जाळीवर, दळायला गल्लीतल्या गिरणीत. विक्रीची पाकिटं तो स्वतः भरायचा. नमुन्याच्या बरण्या, पत्रव्यवहार, असली नाजूक कामं छोटीकडे. तिचं अक्षर चांगलं आणि माझा हात जड, असं म्हणून तो हसला. मग म्हणाला, "ताई, डॉक्टर काही बोलल्या का? मी तिला रोज सूपमध्ये दोन चमचे घालून देतो. आणखी वाढवू का?"

त्याच्या डोळ्यांत लपवालपवीचा मागमूस नव्हता. पण साध्या डोळ्यांनी फसलेल्या माणसांच्या गोष्टी राखताईने पुष्कळ ऐकल्या होत्या. ती गिरणीकडे निघाली.

गिरणीवाला तोंडाने तिखट होता. तुमची पाती घासून पिठात उतरत असतील, असं तिने म्हणताच त्याने यंत्राचा दरवाजा उघडून दाखवला. पाती खरोखर झिजली होती. "झिजणारच," तो म्हणाला. "माझे दातही झिजलेत, ते कुणाच्या पोटात गेले ते विचारायला कुणी येत नाही." पाती न गंजणाऱ्या पोलादाची होती. तेही तिने पाहून ठेवलं.

शेवटी ती शेडमागच्या घरात छोटीकडे गेली.

छोटी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. ताईला पाहून उठू लागली, तर ताईने खांदा दाबून बसवलं. आई गेली तेव्हा छोटी शाळेत होती. तिच्या वेण्या, तिचे अभ्यास, तिचं लग्न, सगळं ताईच्या हातून झालं होतं. ताईने तिचा हात हातात घेतला. नखं कागदासारखी फिकट दिसत होती.

गोळ्या घेतेस ना, म्हणून विचारल्यावर छोटीने लगेच खण ओढून दाखवला. गोळ्यांची रिकामी पाकिटं एकावर एक नीट रचलेली. प्रत्येक भेटीला ती असाच खण दाखवायची.

"काही त्रास होतो का गं त्यांनी? मळमळ? पोट?"

"अजिबात नाही," छोटी म्हणाली. "मला तर कळतसुद्धा नाही गोळी घेतल्याचं. सगळं अगदी आधीसारखं."

घरी जाताना बसच्या खिडकीशी बसून राखताई पिंप, माती आणि पाती, तिघांना आलटून पालटून दोषी ठरवत होती. चौथं काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं, किंवा ती त्याला येऊ देत नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून विकत आणलेलं पाकीट जाळलं.

राख पांढरी निघाली.

ती कितीतरी वेळ त्या दोन मुशींकडे बघत राहिली. एक विटकरी, एक पांढरी. अळंबी एकाच शेडची. पाकिटातली पूडही त्याच गंजक्या पिंपातल्या गवतावर वाढली होती, त्याच लाल अंगणात वाळली होती, त्याच झिजक्या पात्यांखालून गेली होती. लोह त्यांच्यापैकी कुठून आलं असतं, तर ते पाकिटातही आलं असतं. पिंप सुटलं, माती सुटली, गिरणीवालाही सुटला. लोह फक्त नमुन्याच्या बरणीत होतं. म्हणजे ते आलं नव्हतं. घातलं होतं.

कशाच्या रूपात, ते शोधायला तिने बरणीतली पूड आम्लात उकळली. तळाशी थोडा पांढरा गाळ राहिला. वाळू असेल, म्हणून काचेच्या कांडीने घोटून पाहिला. वाळू कांडीखाली करकरते. हा गाळ तोंडाला लावायच्या पावडरीसारखा मऊ होता. तिने तो जहाल आम्लात विरघळवून काकांकडे नेला.

काकांनी कागद पुढे केला तेव्हा ते थट्टा करायचं विसरले होते. गाळात टायटॅनियम होतं. मातीत टायटॅनियम असतं, पण त्याच्या बरोबरीने अ‍ॅल्युमिनियम कितीतरी जास्त असतं, आणि इथे त्याचा जवळजवळ पत्ता नव्हता. न गंजणाऱ्या पोलादात असतं ते क्रोमियमही नव्हतं. म्हणजे माती नाही, पाती नाही. नुसतं लोह आणि टायटॅनियमची पांढरी पावडर.

"रंग?" काका म्हणाले. "टायटॅनियम पांढऱ्या रंगात असतं. टूथपेस्टमध्ये असतं. पण अळंबीच्या पुडीत टूथपेस्ट कोण कालवील?"

आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. लोह घालून नुसतं ढवळलं असतं, तर एका चमच्यात जास्त आणि एकात कमी आलं असतं. इथे बरणीच्या वरच्या आणि तळच्या पुडीचे आकडे तंतोतंत जुळत होते. कुणीतरी पूड कागदावर ओतून तिचा ढीग केला होता, ढिगाचे चार भाग पाडले होते, समोरासमोरचे भाग एकत्र करून पुन्हा ढीग केला होता, आणि हे कंटाळा न करता पुन्हा पुन्हा केलं होतं. गिऱ्हाईक असं करत नाही. असं करायला कुणीतरी शिकवावं लागतं.

तिची नजर बरणीशेजारी पडलेल्या बटर पेपरच्या चकतीवर गेली. कडेला बोटभर शेपटी.

ही शेपटी कुठल्या पुस्तकात नव्हती. ती राखताईने स्वतः काढलेली युक्ती होती. कॉलेजात असताना ती घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर कणकेचे ढीग करून नमुना सारखा कसा करायचा त्याचा सराव करायची, आणि समोर मांडी घालून बसलेली छोटी कात्रीने चकत्या कापून द्यायची.

राखताईने डॉक्टरणीला फोन लावला. आवाज शक्य तितका साधा ठेवून तिने एकच विचारलं, तुमच्या लोहाच्या गोळ्यांवरचं गुळगुळीत आवरण कशाचं असतं. डॉक्टरणीने डबी शोधून वाचून दाखवलं. लोहाचा लाल रंग, आणि टायटॅनियमची पांढरी पावडर.

४

संध्याकाळ व्हायच्या आत ती छोटीकडे पोचली. मधल्या वेळात तिने डॉक्टरणीकडून आणलेल्या गोळ्या स्वच्छ पुडीत कालवून जाळल्या होत्या. राख विटकरी आली होती आणि गाळ मऊ.

छोटी पलंगावर बसून बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत होती.

"छोटी, गोळ्या कुठे गेल्या?"

"घेतल्या ना. पाकिटं दाखवली की तुला."

"पाकिटं रिकामी आहेत, ते मी पाहिलं. गोळ्या कुठे गेल्या ते विचारतेय."

छोटी घड्या घालत राहिली. राखताईने मग एकेक सांगितलं, आवाज न चढवता, अहवाल वाचावा तसं. लोह फक्त बरणीत होतं आणि बरणी भरायचं काम छोटीचं होतं. लोहासोबत गोळीचं आवरण होतं. पूड चौथाई करून मिसळलेली होती आणि चकतीला शेपटी होती. रोज गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला त्रास होतो, आणि जिला कळतसुद्धा नाही, तिच्या पोटात ती गेलेलीच नसते. गोळ्या तुझ्या नवऱ्याने काढून घेतल्या असत्या, तर तुला त्या कमी पडल्याचं कळलं असतं. तू मात्र मला दर वेळी खण उघडून दाखवलास.

"पाकिटं जपून ठेवलीस ती माझ्यासाठी," ती शेवटी म्हणाली.

छोटीने झबलं मांडीवर ठेवलं. ती रडेल असं राखताईला वाटलं होतं, पण तिचा आवाज कोरडा होता. नवऱ्याने नोकरी सोडून शेड घातली, माल पडून राहिला. पोटॅशियम म्हटलं की लोक पुढे जातात, ती म्हणाली, लोह म्हटलं की थांबतात. एकदाच करायचं होतं. पण नव्या मालागणिक प्रयोगशाळा नवी बरणी मागते, आणि पहिल्या बरणीला लोह होतं ते दुसरीला नसून कसं चालेल?

"माझ्याकडेच का आणलंस?"

"दुसऱ्या कुणाचा कागद डॉक्टरांनी मानला असता? तुझी सही असली की लोक पुढचं वाचत नाहीत." तिने मांडीवरचं झबलं सरळ केलं. "आणि नंबर घालून येतं, तुला कळत नाही कुणाचं ते, हे तूच सांगितलं होतंस. म्हटलं, तुला खोटं बोलावं लागणार नाही. तुला यात ओढलंच नव्हतं मी, ताई."

राखताईला हसूच आलं. कणकेच्या ढिगापासून सहीपर्यंत जे जे तिने या मुलीच्या हाती दिलं होतं, ते सगळं वापरून झालं होतं, आणि वर तिला यात ओढलेलं नव्हतं.

"त्या बाकीच्या बायका?"

"त्या गोळ्या बंद करतील असं कुठे वाटलं होतं मला."

"आणि तू? तुला तर ठाऊक होतं पाकिटात काही नाही ते. तू का नाही घेतल्यास?"

छोटीने झबलं पुन्हा हातात घेतलं. मग बोलली ते ताईकडे न बघता.

"आधी बरणीला लागत होत्या. गोळीने मळमळायचंही. आणि मग पाकिटं विकली जायला लागली, लोक चांगलं बोलायला लागले, ह्यांचं सूप रोज समोर यायला लागलं..." तिने झबल्याची नाडी बोटाला गुंडाळली. "मलाच खरं वाटायला लागलं, ताई. तुझी सही होती ना खाली."

दारात भांडं वाजलं. छोटीचा नवरा सूपचा वाडगा घेऊन उभा होता. केव्हापासून, ते त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

"मग मी हिला रोज काय पाजत होतो?" त्याने राखताईला विचारलं.

"अळंबी," ती म्हणाली. "चांगली अळंबी. पोटॅशियम आहे, तांबं आहे, सेलेनियम आहे, प्रथिनं आहेत. लोह नाही. निदान हिला लागतं तेवढं नाही."

त्याने वाडगा खिडकीत ठेवला आणि तो बाहेर गेला. शेडचं दार ओढल्याचा आवाज आला.

५

बाळ होईपर्यंत थांब, छोटी म्हणाली. तेवढंच मागते. मग तूच कागद फाड, मी सगळीकडे सांगीन. ती आता रडत होती, आणि लहानपणी रडायची तशीच, नाक पुसायचं विसरून. यापूर्वी या रडण्यापुढे ताईचं कधी काही चाललं नव्हतं.

राखताईने तिथेच उभं राहून फोन केला. डॉक्टरणीला सांगितलं, की आकडा बिघडवलेल्या नमुन्याचा आहे, आजच प्रत्येकीला निरोप जाऊ दे, गोळ्या पुन्हा सुरू करायला सांग. नमुना कुणी बिघडवला, असं डॉक्टरणीने विचारलं तेव्हा तिने छोटीकडे पाहिलं. मग म्हणाली, माझ्या बहिणीने. दुसरा फोन प्रयोगशाळेच्या संचालकांना. अहवाल रद्द करायचा, आणि यापुढे माझ्या सहीने काय जावं ते तुम्ही ठरवायचं, मी उद्या लेखी देते. संचालक काहीतरी समजुतीचं बोलत होते. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"तू माझी बहीण आहेस की प्रयोगशाळा?" छोटीने विचारलं.

राखताई आपल्या पिशवीकडे वळली. पिशवीतून डॉक्टरणीने दिलेलं नवं पाकीट काढलं, एक गोळी सोडवली, आणि पाण्याचा पेला भरून आणला. छोटीने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, आणि पेला परत दिला.

पूर्वीची ताई पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली असती.

"तोंड उघड," ती म्हणाली.

छोटीने तिच्याकडे पाहिलं. मग हळूच तोंड उघडलं.

"जीभ वर कर."

जिभेखाली काही नव्हतं. गोळी खरोखर गेली होती. राखताईने मान हलवली आणि पेला विसळून पालथा घातला. गोळ्यांचं पाकीट आता खणात ठेवायचं नव्हतं, तिने ते स्वतःच्या पिशवीत टाकलं.

"उद्या परत येईन," दाराशी चपला घालताना ती म्हणाली. "याच वेळेला."

"रोज येणार आहेस?"

"रोज."

छोटीच्या चेहऱ्यावर जरासं बरं वाटल्यासारखं काही उमटलं. ताईने माफ केलं, असं तिला वाटलं असावं. राखताईने तिला तसं वाटू दिलं. बाहेर पडून तिने दार नीट ओढून घेतलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज ऐकूनच ती निघाली.